विजेच्या तारेवरील शब्द

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मलकापूर हे वऱ्हाडाच्या उंबरठ्यावरील गाव होय. हा मार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. लोहमार्गाच्या कडेने तारायंत्राचे खांबही उभे राहिले. त्या तारेचे काम एकच, शब्द वाहून नेणे. पुढे कालांतराने घरोघर दुसरी तार आली. तिचेही काम एकच, शक्ती वाहून नेणे. ही दोन कुळे एकत्र कशी आली, हा इतिहास मनोरंजक आहे आणि बोधप्रदही आहे.

त्याचा आरंभ काटकसरीत आहे. तार ओढावयाची म्हणजे खर्च मोठा. म्हणून एकाच तारेवर अधिक काम कसे घ्यावे, याचा विचार सुरू झाला. १८७४ साली एडिसनने एका तारेतून एकाच वेळी चार संदेश धाडण्याची युक्ती सिद्ध केली. दोन एका दिशेने, दोन उलट दिशेने. १९१० साली अमेरिकन सैन्यातील अधिकारी जॉर्ज स्क्वायर याने त्याही पुढचे पाऊल टाकले. आकाशात सोडावयाच्या शीघ्र लहरी तारेच्या आधाराने चालवून त्याने एकाच तारेवर निरनिराळी संभाषणे वाहून दाखविली.

या शोधाचा लाभ वीज पुरविणाऱ्यांनी लवकरच घेतला. डोंगर-रानांतून जाणारी दूरध्वनीची बारीक तार वादळात तुटे. विजेचे मनोरे मात्र भक्कम. तेव्हा संदेशही त्याच जाड तारेवर चढविण्यात आले. महाराष्ट्रातील उच्चदाब वाहिन्यांवरही ही पद्धत दीर्घकाळ वापरात राहिली. मोठ्या उपकेंद्रात तारेच्या मुखाशी पिंपासारखे एक वेटोळे टांगलेले दिसते. संदेशाच्या लहरींनी भलत्या वाटेस जाऊ नये, म्हणून तो पहारेकरी बसविलेला असतो.

दोन प्रवाह एकमेकांत मिसळत कसे नाहीत, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. पहाटे जात्याची घरघर चालू असते आणि तिच्यावरच ओवी उमटते. कान मात्र दोन्ही वेगळी ओळखतो. घरातील वीज सेकंदास ५० आवर्तने करते. संदेशाच्या लहरी त्याच अवधीत कित्येक लक्ष, किंबहुना कोट्यवधी आवर्तने करितात. कंडेन्सर मंद प्रवाह अडवितो आणि शीघ्र लहरींना वाट देतो.

घरात ही विद्या १९७५ साली शिरली. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने दिवे दुरून लावण्या-मालविण्याची एक्स-टेन ही पद्धत काढली. २००१ साली होमप्लग या नावाने संगणक जोडण्याचे मानक आले. त्याचा कमाल वेग सेकंदास १ कोटी ४० लक्ष बिट होता. २०१० साली या विषयाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. मलकापुरासारख्या जुन्या गावातील जाड भिंतींच्या घरांत बिनतारी लहरी माजघरापर्यंत पोहोचता पोहोचता क्षीण होतात. तेथे एक डबी ओसरीच्या सॉकेटात व दुसरी माजघराच्या सॉकेटात बसविली की भिंत न फोडता काम भागते.

तथापि या सोयीस मर्यादा आहेत. दोन सॉकेटे निरनिराळ्या फेजवर असल्यास संदेश दुबळा होतो. या लहरी नभोवाणीच्या लघुलहरींच्याच पट्ट्यात वावरत असल्याने त्या श्रोत्याच्या यंत्रात खरखर उत्पन्न करू शकतात. हौशी बिनतारी मंडळींनी ही तक्रार अनेक देशांत केली आणि मानकांत त्यांचे पट्टे मोकळे सोडावे लागले. शिवाय वीज गेली की शब्दही थांबतो. जुने तारायंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालत असे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. विजेची तार घराच्या भिंतीशी संपत नाही. ती शेजाऱ्याच्या घरीही गेलेली असते आणि तिच्याबरोबर संदेशही जाऊ शकतो. म्हणूनच या यंत्रांत संदेश सांकेतिक करून धाडण्याची योजना असते व तिची किल्ली घरधन्याने स्वतः बदलून घ्यावी लागते. भिंतींना कान असतात, असे वडीलधारे सांगत आले. आता भिंतीतून घरचे बोलणेही वाहू लागले आहे. तेव्हा दोन कामे एका तारेवर घालताना पैशाच्या बचतीबरोबर घराच्या गुपिताचाही हिशेब ठेवणे, हेच शहाणपणाचे होय.