हरवलेल्या चित्रपटांचा शोध

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दप्तरे यांचीच आठवण आपणांस प्रथम होते. या साधनांसाठी महाराष्ट्राने केवढा खटाटोप केला हे सर्वश्रुत आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले रुमाल त्यांनी सोडविले, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडांनी प्रसिद्ध केली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. जुना कागद ही रद्दी नव्हे, ती राष्ट्राची ठेव आहे, हा विचार त्या पिढीने आपल्या अंगी बाणविला.

परंतु मंडळ अवघे तीन वर्षांचे असताना, म्हणजे ३ मे १९१३ रोजी, मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला आणि इतिहासाचे एक सर्वस्वी नवे साधन जन्मास आले. हे साधन जन्मतःच अल्पायुषी आहे, याची जाणीव मात्र त्या वेळी कोणास झाली नाही. शिवकालीन पत्र तीनशे वर्षे टिकले; फाळक्यांच्या कित्येक चित्रपटांस तीस वर्षेही लाभली नाहीत. हे हरवलेले चित्रपट आणि त्यांची माहिती, हाताशी संगणक व महाजाल नसलेल्या काळात लोकांनी कशी शोधून काढली, हा आमच्या विवेचनाचा विषय आहे. हा शोधही राजवाड्यांच्याच जातीचा होता असे आम्हांस वाटते. कारण त्यातही साधन सापडण्याआधी ते ज्याच्यापाशी आहे तो माणूस सापडावा लागे.

प्रथम हानीचे माप घेऊ. आपल्या देशात मूकपटांच्या काळात सुमारे तेराशे चित्रपट निघाले. त्यांतील पुरे आणि अपुरे असे सारे धरूनही आज तीससुद्धा उरलेले नाहीत. रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा १९१२ चा 'पुंडलिक' नाही. बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा 'सावकारी पाश', ज्यात तरुण शांतारामांनी शेतकऱ्याची भूमिका केली, तोही नाही. याची कारणे अनेक आहेत. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई, आणि न पेटली तरी उष्ण, दमट हवेत कुजून तिचा चिकट गोळा होई. दुसरे कारण व्यवहाराचे. फितीवरील लेपात चांदी असते. चित्रपटाचा धंदा संपला की डबे मोडीत जात आणि फीत धुऊन तिच्यातील चांदी काढून घेत. १९३१ नंतर बोलपट आला, तेव्हा मूकपटांना कवडीचीही किंमत राहिली नाही. तिसरे कारण कायद्याचे. १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाच्या प्रती ठराविक ग्रंथालयांकडे पाठविणे प्रकाशकावर बंधनकारक झाले. चित्रपटास तसे बंधन त्या कायद्यात नव्हते. ज्याने तो काढला त्याच्या मर्जीवर आणि गरजेवर त्याचे आयुष्य अवलंबून राहिले.

मग जो चित्रपट पाहावयासच मिळत नाही, त्याची माहिती तरी कोठून मिळावी? येथे इतिहासाने एक चमत्कारिक खेळ केला आहे. १९१८ साली इंग्रज सरकारने चित्रपटांवर देखरेख ठेवण्याचा कायदा केला, आणि १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परीक्षण मंडळे नेमली. हेतू उघड होता: लोकांनी काय पाहावे हे सरकारने ठरवावे. परंतु नियंत्रण ठेवावयाचे तर नोंद ठेवणे भाग पडते. चित्रपटाचे नाव, काढणाऱ्याचे नाव, लांबी किती फूट, हे सारे सरकारी दप्तरात उतरले. १९२१ साली कोहिनूर कंपनीने 'भक्त विदुर' काढला. त्यातील विदुराची वेशभूषा महात्मा गांधींची आठवण करून देणारी होती, म्हणून मद्रासेस आणि कराचीस त्यावर बंदी आली. आज त्या चित्रपटाची फीत उपलब्ध नाही. पण बंदी घालणाऱ्यांनीच केलेल्या लिखापढीमुळे आपणांस त्याची कथा पुष्कळशी कळते. ज्या हातांनी चित्रपट दाबला, त्याच हातांनी त्याची स्मृती राखून ठेवली.

दुसरे साधन याहून साधे, आणि आमच्या मते अधिक जिव्हाळ्याचे. बोलपटाबरोबर चित्रपटगृहाच्या दारात गाण्यांच्या पुस्तिका विकावयास आल्या. चार-दोन पानांची, स्वस्त कागदावर छापलेली ती चोपडी. तीत कथानकाचा गोषवारा, नटनटींची व तंत्रज्ञांची नावे आणि सगळी गाणी असत. घरी गेल्यावर गाणी म्हणता यावीत म्हणून ती विकत घेतली जाई, आणि पुढे ट्रंकेच्या तळाशी पडून राही. त्या पुस्तिका, वर्तमानपत्रांतील जाहिराती, चित्रपटविषयक मासिके आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांवरील चिठ्ठ्या यांवरून एखाद्या चित्रपटाची कुंडली मांडता येते. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी नेमके हेच काम आयुष्यभर केले. त्यांच्या 'हिंदी फ़िल्म गीत कोश' या ग्रंथात सालवार प्रत्येक चित्रपट आणि त्यातील प्रत्येक गीत नोंदलेले आहे. १९५१ ते १९६० या दशकाचा खंड १९८० साली प्रथम निघाला. १९३१ ते १९४० या आरंभीच्या दशकाचा खंड निघावयास १९८८ साल उजाडले. वाचकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. जेथे लोकांची आठवण अद्याप ताजी होती तेथून आरंभ करून तो शोध मागे मागे, अंधाराकडे सरकत गेला. एक तारीख पक्की करावयाची तर पत्र लिहावे आणि उत्तराची वाट पाहावी, अशी ती रीत होती.

आता प्रत्यक्ष फितींच्या शोधाकडे वळू. पुण्यात ज्या आवारात 'प्रभात'ने आपली कीर्ती मिळविली, तेथेच १९६० साली चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली, आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. १९३३ साली केरळात जन्मलेले पी. के. नायर १९६१ पासून त्या शिक्षणसंस्थेत होते. ते संग्रहालयाकडे आले आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसरे काही केले नाही असे म्हटले तरी चालेल. त्यांच्या कारकीर्दीत बारा हजारांवर चित्रपट जमा झाले; त्यांतील सुमारे आठ हजार भारतीय होते. त्यांच्यापुढे सूची नव्हती, आणि कोणते चित्रपट कोठे आहेत याचा ठावठिकाणाही नव्हता. निर्मात्यांची घरे, बंद पडलेल्या कंपन्यांची कोठारे, वितरकांच्या वखारी, जेथे वास लागेल तेथे ते गेले. चित्रपट पाहताना अंधारात लहानशा विजेरीच्या उजेडावर टिपणे घेण्याची त्यांची सवय होती. कोणता प्रसंग कितव्या रिळात आहे हे ते तोंडपाठ सांगत.

फाळक्यांचे चित्रपट आज जे काही दिसतात ते बव्हंशी या खटपटीमुळे. दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकास निवर्तले, तेव्हा त्यांची वार्ता घेणारे फारसे कोणी उरले नव्हते. पुढे 'कालिया मर्दन' या १९१९ च्या चित्रपटाच्या फिती संग्रहालयाकडे आल्या त्या विस्कळित तुकड्यांच्या रूपाने. कोणता तुकडा कोणाच्या मागे, हे कळावयास मार्ग नव्हता. फाळक्यांनी स्वतः लिहिलेल्या टिपणांच्या आधाराने नायर यांनी ते तुकडे लावले, आणि दादासाहेबांची कन्या मंदाकिनी हिने उभा केलेला बाळकृष्ण पुन्हा पडद्यावर अवतरला. फीत घरच्यांनी जपली आणि कागदाने तिची संगती लावून दिली. राजवाड्यांना हे उदाहरण खचित आवडले असते.

परंतु प्रत्येक पायपीट अशी सफळ झाली नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत लागलेला 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याचे निर्माते अर्देशिर इराणी १९६९ पर्यंत हयात होते, आणि नायर यांनी त्यांची भेटही घेतली होती. पण चित्रपट नव्हता. चांदीसाठी तो केव्हाच मोडीत गेला होता असे नायर यांनी पुढे सांगितले आहे. त्यातील सात गाण्यांची तबकडीही कधी निघाली नव्हती. ज्या चित्रपटाने भारतीय पडद्याला वाचा दिली, तो आज स्वतःच मुका आहे. काही छायाचित्रे आणि जाहिराती, एवढीच त्याची खूण.

कधी कधी जे घरी राहिले ते गेले आणि जे परदेशी गेले ते वाचले, असेही घडले. हिमांशु राय यांनी जर्मन व ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने 'लाइट ऑफ एशिया', 'शिराझ' आणि 'थ्रो ऑफ डाइस' असे तीन मूकपट १९२५ ते १९२९ या काळात काढले; ते तिन्ही आज पाहता येतात. मादन कंपनीचा १९१९ चा 'बिल्वमंगल' आपल्याकडे नामशेष झाला होता. त्याचा सुमारे सहाशे मीटरांचा अवशेष पॅरिसच्या सिनेमातेक या संग्रहालयातून २०१६ साली पुण्यास आला. आणि परदेशांतही दैवाचा भाग मोठाच होता. कार्ल ड्रायर यांच्या १९२८ च्या 'जोन ऑफ आर्क'ची मूळ प्रत आगीत गेली असे सारे मानून चालले होते. १९८१ साली ऑस्लो येथील मनोरुग्णालयात तिचे डबे सापडले. कोणाच्या तरी कपाटात काही असेल, या आशेवर हे सारे शास्त्र उभे आहे.

संग्रहालयाच्या कोठारात चित्रपट आला म्हणजे तो लोकांना मिळाला असे मात्र होत नाही. सामान्य रसिकास जुना चित्रपट पाहावयाचा तर सकाळच्या खेळाची, किंवा जत्रेत उभ्या राहणाऱ्या तंबूची वाट पाहावी लागे. परदेशी चित्रपटांची वाट फिल्म सोसायट्यांनी मोकळी केली. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यास अशी सोसायटी काढली. १९५२ च्या जानेवारीत मुंबईस सुरू झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाने इटलीचा व जपानचा चित्रपट आपल्या दारी आणला. १९५९ साली सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ झाला, आणि १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघाले. कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांनी शेतकऱ्यांना जगातील श्रेष्ठ चित्रपट दाखविले. त्यासाठी नायर यांनी पुण्याहून डबे पाठविले. एका प्रतीभोवती शंभर माणसे जमत, आणि खेळ संपल्यावर ती बोलत बसत. दुर्मिळतेतून निपजलेला हा संघभाव आम्हांस मोलाचा वाटतो.

या शोधकार्यातून लाभलेला सर्वांत मोठा धडा मात्र पडताळ्याचा आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोन रिळे आज उपलब्ध आहेत. १९१३ चा मूळ चित्रपट म्हणून ती पुष्कळ वर्षे दाखविली गेली. परंतु फाळक्यांनी हाच विषय १९१७ साली पुन्हा चित्रित केला होता, आणि उरलेली रिळे या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. डोळ्यांपुढे दिसणारे चित्रही आपले साल स्वतः सांगत नाही. त्यासाठी त्या काळची जाहिरात, नोंद आणि लांबीचा आकडा यांचीच साक्ष काढावी लागते. आज एका कळीसरशी शेकडो जुने चित्रपट पुढे येतात, ही मोठी सोय आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण जे पुढे येते ते कोठून आले, कोणी जपले, पुरे आहे की कापलेले, हे विचारण्याची सवय त्या सोयीबरोबर आपोआप येत नाही.

आणि धोकाही सरलेला नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच जुन्या नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली, आणि इतक्या सायासाने जमविलेला ठेवा काही तासांत भस्मसात झाला. नायर २०१६ साली गेले. २०२२ साली संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. नव्या यंत्रांनी जुन्या फिती स्वच्छ करण्याचे काम आता चालते. ते काम सरकारचे आहे आणि ते सरकारने करावे. परंतु कोल्हापूर, नाशिक, पुणे आणि गिरगाव येथील कित्येक घरांत आजोबांनी आणलेली गाण्यांची पुस्तिका, कंपनीतील नोकरीचे पत्र, चित्रीकरणाच्या वेळी काढलेले एखादे छायाचित्र अजूनही असेल. घर बदलताना ते रद्दीत टाकण्यापूर्वी त्याच्या पाठीवर माणसांची नावे आणि साल लिहून ठेवावे, आणि ते संग्रहालयास दाखवावे. ती नावे सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.