आज्ञावली उतरवून घेणारे वाचक

जुन्या संगणक-मासिकांच्या चित्रप्रती महाजालावर चाळत असताना एका पानापाशी आम्ही थबकलो. १९८० च्या दशकातील कोणता तरी अमेरिकन अंक. पानावर लेख नाही, चित्र नाही, जाहिरातही नाही. तीन रकान्यांत नुसत्या क्रमांकित ओळी आणि ओळींत आकडे. डाव्या समासात कोणा अज्ञात वाचकाने ओळीओळीपुढे पेन्सिलीने बारीक टिंब दिलेले. ओळ टंकून झाली की टिंब, पुढची झाली की पुढचे टिंब. साहित्याच्या अभ्यासकाने हे पान पाहिले तर त्यास संगणकाच्या आधी पोथी आठवावी, असे आम्हास वाटते.

ज्या वाचकांना हा काळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. डेव्हिड आल यांनी १९७४ साली अमेरिकेत 'क्रिएटिव्ह कॉम्प्यूटिंग' सुरू केले. सप्टेंबर १९७५ मध्ये 'बाइट'चा पहिला अंक निघाला, आणि १९७८ साली ब्रिटनमध्ये 'पर्सनल कॉम्प्यूटर वर्ल्ड' आले. १९८१ साली सिंक्लेअर यांचा झेडएक्स-८१ सत्तर पौंडांहून किंचित कमी किमतीस मिळू लागला, त्याची स्मृती अवघी एक किलोबाइट! त्यानंतर ब्रिटिश वृत्तपत्र-विक्रेत्यांच्या फळीवर अशा मासिकांची गर्दी झाली. ही यंत्रे घरात आणून विजेस जोडली की पडद्यावर जवळजवळ काहीच दिसत नसे. त्यांच्याकडून काही करून घ्यायचे तर आज्ञावली हवी, आणि ती मिळण्याचे एक स्वस्त ठिकाण म्हणजे मासिक. मासिक ती संपूर्ण छापी, वाचक ती अक्षर-अक्षर टंकी आणि साध्या ध्वनिफितीवर साठवून ठेवी. असे न केल्यास वीज जाताच तासन् तासांचे श्रम नाहीसे होत.

या मासिकांविषयी आज जे लिहिले जाते त्यात स्मरणरंजनाचा भाग मोठा असतो. 'बाइट'साठी रॉबर्ट टिनी यांनी रंगवलेली मुखपृष्ठे, विशेषतः स्मॉलटॉक भाषेवरील ऑगस्ट १९८१ च्या अंकावरचा तो रंगीत फुगा, भिंतीवर लावण्याजोगी आहेत हे मान्य. आमचे कुतूहल मात्र त्या नीरस पानांविषयी आहे. साहित्यविचारात आपण वाचकाचे अनेक प्रकार मानले आहेत: रसिक, समीक्षक, अभ्यासक, झालेच तर गर्भित वाचक. पण संपूर्ण संहिता स्वहस्ते उतरवून काढल्याविना ज्याचे वाचन पुरे होत नाही, अशा वाचकासाठी आधुनिक समीक्षेत फारशी जागा नाही. मुद्रणपूर्व काळात तो होता. छापखाना आल्यावर तो गेला, असे आपण गृहीत धरले. चार-पाच शतकांनी तो छापील मासिकाच्याच आश्रयाने परत यावा, यात थोडी गंमत आहे.

नकलकार परतला तसे त्याचे दोषही परतले. पाठचिकित्सा शिकविणाऱ्यांना ते तोंडपाठ असतात: सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा घोटाळा, दोन अक्षरांची अदलाबदल, एका ओळीवरून तशाच दुसऱ्या ओळीवर डोळा घसरून मधला मजकूर गळणे. येथे इंग्रजी 'ओ' आणि शून्य, लहान 'एल' आणि एक यांनी उच्छाद मांडला. पुन्हा, पोथीत अक्षर चुकले तर अर्थ थोडा बिघडतो, समंजस वाचक तो सावरून घेतो. यंत्र काही सावरून घेत नसे. सहाशे ओळींत एक अर्धविराम राहिला तर आज्ञावली अडत असे, आणि चूक आपली की छापखान्याची हे कळावयास मार्ग नसे. पोथीच्या अखेरीस नकलकार लिहीत असत की जसे पाहिले तसे लिहिले, दोष आमचा मानू नये. मासिकांच्या संपादकांना अशी सोय नव्हती. त्यांना पुढच्या अंकात शुद्धिपत्र द्यावेच लागे. 'कॉम्प्यूट!' या अमेरिकन मासिकाने तर आपल्या शुद्धिपत्राच्या सदरास 'कॅप्यूट!' असे नाव दिले होते. बिघडलेल्या वस्तूस इंग्रजीत जर्मनवरून घेतलेला जो शब्द वापरतात त्यावरची आणि स्वतःच्या नावावरची ही कोटी. स्वतःच्या मुद्रणदोषांस इतक्या खेळकरपणे सामोरे जाणारे संपादक आपल्याकडील वाङ्मयीन नियतकालिकांत आम्हास तरी आढळले नाहीत.

पण कोटी करून ते थांबले नाहीत. चूक होण्याच्या जागा शोधून त्यांनी संपादनाची एक पद्धतच बसविली. जुळाऱ्याच्या हातून होणारे दोष टाळण्यासाठी अनेक मासिके संगणकाच्या मुद्रकातून निघालेला कागदच छायाचित्राने छापू लागली. कमोडोर संगणकाच्या आज्ञावलीत पडदा पुसणे, खूण खाली नेणे अशा क्रियांसाठी बदाम आणि उलट्या रंगांतील आकृत्या उमटत. छापील पानावर त्या ओळखू येईनात, तेव्हा 'कॉम्प्यूट!'ने महिरपी कंसात त्यांची नावे लिहिण्याचा संकेत रूढ केला. ही लिप्यंतराची व्यवस्थाच म्हणावी लागेल. १९८३ च्या अखेरीस त्याच्या भावंड-मासिकाने, 'कॉम्प्यूट्स गॅझेट'ने, वाचकाच्या टंकनाची पडताळणी करणारी एक छोटी आज्ञावली दिली. प्रत्येक ओळीतील अक्षरांना आकडे मानून त्यांची बेरीज करायची आणि ती छापील बेरजेशी जुळते का ते पाहायचे, एवढीच युक्ती. नुसत्या बेरजेत एक उणीव असते: दोन अक्षरांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. आपले व्याकरणकार ज्यास वर्णविपर्यय म्हणतात तो दोष पहिल्या पडताळणीतून निसटे; पुढे अक्षराच्या जागेनुसार त्याचे मोल बदलून तोही पकडला गेला. ओव्यांना क्रमांक देणे, अध्यायाअखेरीस ओव्यांची संख्या नोंदवणे, या जुन्या उपायांमागेही संहितेच्या राखणीची हीच चिंता होती.

जानेवारी १९८४ च्या 'गॅझेट'मध्ये चार्ल्स ब्रॅनन यांची 'स्पीडस्क्रिप्ट' ही लेखनासाठीची आज्ञावली छापून आली. ती यंत्रभाषेत होती, म्हणजे पानेच्या पाने केवळ आकड्यांची. ते आकडे वाचून कोणासही काही कळणे शक्य नव्हते. तरी लोकांनी ते रात्री जागून टंकले आणि त्यातून निघालेल्या साधनावर पत्रे आणि निबंध लिहिले. संस्कृताचा गंध नसताना संस्कृत पोथ्या उतरविणाऱ्या लेखनिकांची ही जात. म्हणून या मासिकांनी एक अख्खी पिढी आज्ञावली लिहावयास शिकविली, या नेहमीच्या विधानास आम्ही बिचकतो. काही शिकले, पुष्कळांनी केवळ नक्कल केली, आणि त्या दोघांची सीमा कोठे होती हे सांगणे कठीण आहे. बेसिक भाषेतील साध्या खेळांची गोष्ट निराळी. तेथे अमुक ओळीतील आकडा बदलून पाहा, खेळ अवघड होईल, असे लेखकच सुचवी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये 'ज्ञानेश्वरी' शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. मासिके याच्या अगदी उलट सांगत होती, आणि वाचक ओव्या घालीत होते.

आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळण्यासाठी थोडे मागे, १९७६ कडे, जावे लागेल. त्या वर्षी ३ फेब्रुवारीस बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना एक अनावृत पत्र लिहिले. आमची बेसिक तुम्ही बहुतेक जण चोरून वापरता, मग चांगली आज्ञावली फुकट कोण लिहील, असा त्याचा आशय. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथून 'डॉ. डॉब्ज जर्नल' नावाचे एक पत्र निघू लागले होते. 'डॉब' ही काही व्यक्ती नव्हे. डेनिस ॲलिसन आणि बॉब अल्ब्रेक्ट या दोघांच्या नावांचा तो समास. लहान यंत्रावर मावेल अशी 'टायनी बेसिक' वाचकांनीच रचावी आणि तिचा पाठ छापला जावा, हा या पत्राचा हेतू. मे १९७६ च्या अंकात ली-चेन वाँग यांची, दोन किलोबाइटांच्याही आत बसणारी प्रत प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षभागी 'कॉपीराइट'च्या जागी 'कॉपीलेफ्ट' आणि 'ऑल राइट्स रिझर्व्हड'च्या जागी 'ऑल राँग्ज रिझर्व्हड' असे लिहिले होते. 'राइट' म्हणजे हक्क आणि 'राइट' म्हणजे बरोबर, यावर ही कोटी उभी आहे: सर्व हक्कांऐवजी सर्व चुका राखीव. गेट्स यांच्या पत्रास यापेक्षा नेमके उत्तर आमच्या वाचनात नाही. मग ते उत्तर म्हणून लिहिलेले असो वा नसो.

या प्रतीत चुकांसाठी तीनच शब्द होते. आज्ञा कळली नाही तर यंत्र विचारी 'व्हॉट?'; कळली पण पार पाडता येत नाही, तर 'हाऊ?', आणि स्मृतीत जागा उरली नाही तर 'सॉरी'. पुढल्या वर्षी, १९७७ मध्ये, टँडी कंपनीचा टीआरएस-८० बाजारात आला. त्यातली पहिली बेसिक वाँग यांच्या पाठावरून सिद्ध केलेली होती, आणि तीही हेच तीन शब्द बोले. येथून हा पाठ महासागर ओलांडतो. युगोस्लाव्हियात परदेशी संगणक आणण्यावर कडक निर्बंध होते. १९८३ साली वोया आंतोनिच या अभियंत्याने घरी जोडता येईल असा एक संगणक रचला. बेलग्रेडच्या 'गालाक्सिया' या विज्ञान-मासिकाने देयान रिस्तानोविच यांच्याकरवी खास अंक काढून त्याचा आराखडा छापला, आणि संगणकाचे नावही 'गालाक्सिया'च पडले. जुळणीचे साहित्य मागवणाऱ्यांची संख्या आठ हजारांवर गेली. ज्या मासिकांची कथा आपण पाहत आहोत, त्यांतील एकाने आज्ञावलीच्या पुढे जाऊन यंत्रच वाचकाकडून उतरवून घेतले! या यंत्राची बेसिक टीआरएस-८० च्या त्या पहिल्या बेसिकवरून छाटून-तासून चार किलोबाइटांत बसवलेली होती. तिच्याही तोंडी तेच: 'व्हॉट?', 'हाऊ?', 'सॉरी'.

दोन हस्तलिखितांत एकच चूक आढळली तर त्यांचे मूळ एक, हा पाठचिकित्सेचा पायाभूत नियम. येथे चूक समान नाही, पण चूक सांगण्याची रीत समान आहे, आणि तिच्या आधारे मेन्लो पार्कपासून बेलग्रेडपर्यंतचा प्रतींचा वंशवृक्ष रेखाटता येतो. त्यातली मधली प्रत विकाऊ आणि मिटलेली, तर दोन्ही टोकांस छापील, खुली मासिके आहेत, हे नोंदवावेसे वाटते.

भारतापुरते दोन शब्द. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. 'युनिकॉर्न' या नावाने ते मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्येही बनले. म्हणजे ब्रिटनमध्ये ज्या यंत्रासाठी मासिके निघत, तेच यंत्र आपल्याकडेही आले. पण ते आले शाळेच्या दारातून, तासिकेच्या वेळापत्रकात आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली. रात्री जागून टंकावयास ते बहुतेकांच्या घरी नव्हते. आमच्या पिढीतील पुष्कळांनी संगणकावर पहिले बोट पादत्राणे बाहेर काढून ठेवलेल्या खोलीत ठेवले, आणि तेही दोघा-तिघांत एक याप्रमाणे.

आज्ञावल्यांची पाने लोपली त्यास एकच कारण देता येणार नाही. आज्ञावल्या लांबल्या, फिती आणि तबकड्या स्वस्त झाल्या, मासिकाच्या वेष्टनात फितच घालून देता येऊ लागली. 'कॉम्प्यूट!'ने १९८८ मध्ये त्या छापणे बंद केले. ब्रिटनमध्ये दिशा आधीच बदलली होती. इंग्लंडमधील लडलो या छोट्या गावातून फेब्रुवारी १९८४ मध्ये निघालेल्या 'क्रॅश'चा भर विकत मिळणाऱ्या खेळांच्या परीक्षणांवर होता. ऑलिव्हर फ्रे यांची भडक मुखपृष्ठे, शेकड्यातले गुण, आणि परीक्षकांत गावातील शाळकरी मुले. ही परीक्षणे वाचावयास आजही मौज येते. मुलांची भाषा उर्मट आणि जिवंत आहे, आणि आमच्या विद्यापीठीय समीक्षेने तिचा थोडा वारा घ्यावयास हरकत नाही. परंतु येथे वाचकाचे काम बदलले. खेळ चांगला की वाईट हे तो सांगू शकत होता. तो कसा रचला आहे हे पाहण्याचा मार्ग आता त्या पानांतून जात नव्हता. शिवाय ही मासिके, आधीची आणि नंतरची, बहुतांशी मुलग्यांना उद्देशून लिहिलेली होती, हेही विसरता कामा नये. नकलकारांच्या या परंपरेत मुलींची नावे विरळ आहेत.

'बाइट' जुलै १९९८ मध्ये थांबले, 'पर्सनल कॉम्प्यूटर वर्ल्ड' २००९ मध्ये. फितींवरील चुंबकीय नोंदी झिजत चालल्या असताना कागदावरची आज्ञावली टिकून आहे, आणि काही हौशी मंडळी चित्रप्रतींवरून ती पुन्हा उतरवीत आहेत. चित्रातील अक्षरे आपोआप ओळखणारी यंत्रणा हाताशी आहे. तीही 'ओ' आणि शून्यात घोटाळा करते, म्हणून अखेर माणसालाच ओळीओळीने ताडून पाहावे लागते.

आरंभी उल्लेखिलेल्या त्या पानाकडे आम्ही पुन्हा एकदा गेलो. दुसऱ्या रकान्याच्या मध्यावर पेन्सिलीची टिंबे थांबतात. शेवटच्या टिंबाच्या ओळीतील एका आकड्याभोवती वर्तुळ काढलेले आहे, आणि शेजारी, बहुधा त्याच पेन्सिलीने, दुसरा आकडा लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह दिले आहे.