चौकटीतून आलेला उजेड

वसमत तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची खिडकी गेल्या उन्हाळ्यात उतरवली, तेव्हा तिच्या सागवानी चौकटीला सात भोकं मोजली. त्यातलं एकही किडीचं नव्हतं, सगळी गिरमिटानं पाडलेली. घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं, पण ही चौकट नव्या घरात बसवायचीच, असं आज्जीनं बजावलं होतं.

ती सात भोकं म्हणजे आमच्या घरातल्या लाईटचा इतिहास.

माळवदाचं घर आतून पाहिलं असेल, तर भिंतीची जाडी तुम्हाला आठवेल. उन्हाळ्यात गारवा देणारी ही मातीची भिंत वायरमनला मात्र नको वाटते. मातीत स्क्रू धरत नाही. लाकडी गिट्टी ठोकली, तर भिंतीचा पोपडाच सुटतो. मग स्क्रू धरणारी जागा उरते ती लाकडाची. म्हणून आमच्याकडे वायर खांब, तुळई आणि चौकटी धरून फिरली. बाहेरची सर्व्हिस वायर खिडकीच्या चौकटीतून आत आली, बटणाचा बोर्ड चौकटीच्या उभ्या बाजूवर बसला आणि दिव्याचा होल्डर वरच्या आडव्या लाकडावर.

न्यूयॉर्क-लंडनच्या श्रीमंत घरांत विजेआधी गॅसचे दिवे होते. १८८० नंतर वीज आली, तेव्हा अनेक ठिकाणी त्याच गॅसच्या नळ्यांतून वायरी ओढल्या गेल्या. आमच्याकडे विजेआधी होती देवळीतली चिमणी. तिला कुठली नळी! मग सुताराच्या कामातूनच वाट काढावी लागली.

ही वाट यायलाही वेळ लागला. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच वर्षी २० जूनला राज्य वीज मंडळ स्थापन झालं. पूर्णा नदीवर येलदरीला धरण झालं, साडेबावीस मेगावॅटचं वीज केंद्रही झालं. पण धरणावर वीज तयार झाली म्हणजे ती घरात आली, असं नसतं. आधी गावात खांब यावा लागतो, मग घरात मीटर, आणि शेवटी वायरला धरायला काहीतरी लागतं.

आमच्या खिडकीला एक खोड होती. पावसाळ्यात ती झटका द्यायची. "ओल्या हातानं चौकट धरू नको," हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. ओल धरली की असं होतंच, अशी सगळ्यांची समजूत.

चौकट उतरवायच्या आधी वायरमननं बटण बंद केलं आणि होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. त्यानं पुन्हा बटण पाहिलं. बंदच होतं.

"बटण न्यूट्रलवर टाकलंय," तो म्हणाला. "फेज थेट होल्डरपर्यंत चालूच आहे."

म्हणजे दिवा विझायचा, पण चौकटीतल्या वायरमध्ये २३० व्होल्ट तसेच राहायचे. वायरवरचं रबर कडक होऊन तडकलेलं. लाकूड कोरडं असेपर्यंत निभावलं, ओल आली की झटका. याच खिडकीत बसून आईनं दहावीचा अभ्यास केला होता. आम्ही पावसाला दोष देत राहिलो, मेन स्विच बंद करून एकदाही कुणाला वायर तपासायला लावली नाही.

आता चौकट नव्या घरात बसली आहे. तिच्यात एलईडीची पट्टी आहे, १२ व्होल्टची. ड्रायव्हर बाहेर डब्यात ठेवला आहे, म्हणजे घरचा करंट लाकडात शिरतच नाही. वायर पीव्हीसीच्या नळीतून नेली, तीही जुन्याच एका भोकातून. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला, अर्थिंग नव्यानं केलं.

उरलेली सहा भोकं सुतार लांबी भरून बुजवणार होता. आज्जी म्हणाली, "राहू दे."

पहिल्या पावसात तिनं आपणहून ओला हात चौकटीला लावला, आणि तसाच ठेवला.