नरी कॉन्ट्रॅक्टर आणि मधले काही तास

कुणाच्या डोक्याला मार लागला की आमच्या यवतमाळात पहिला प्रश्न ठरलेला. "शुद्धीवर आहे ना?" हो म्हटलं की गर्दी निवांत. पाणी पाजा, घरी न्या, झोपू द्या!

मला अशा वेळी नरी कॉन्ट्रॅक्टर आठवतो.

१७ मार्च १९६२, ब्रिजटाऊन. भारत विरुद्ध बार्बाडोस, दौऱ्यातला सामना. चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपल्या कप्तानाच्या डोक्यावर उजव्या बाजूला बसला. (हेल्मेट? ते यायला अजून पंधराएक वर्षं होती.) आणि कॉन्ट्रॅक्टर चक्क चालत मैदानाबाहेर आला. मग नाकाकानातून रक्त, दवाखाना, एक्स-रेत कवटीला फ्रॅक्चर. नंतर शुद्ध हरपली.

आत काय होतं? कवटी म्हणजे बंद डबा. तिच्या आत, मेंदूभोवती एक जाड आवरण. कानाच्या वर हाड तडकलं तर त्याला लागून जाणारी धमनी फाटू शकते आणि हाड व आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. जागा आहे तोवर माणूस बोलतो, चालतो. जागा संपली की गुठळी मेंदूला दाबते, आणि मग हातात फार वेळ नसतो. आवरणाखालच्या बारीक शिरा फाटल्या तर रक्त कधीकधी अगदी सावकाश झिरपतं. म्हाताऱ्या माणसांत ते दोन-तीन आठवड्यांनी कळतं. तोवर आजोबा न्हाणीघरात पडले होते हे घरचे विसरलेले असतात.

सीटी स्कॅन तेव्हा नव्हता, तो १९७०च्या दशकात आला. डॉक्टरांनी एक्स-रे आणि लक्षणांवरच कवटी उघडली. रक्त दिलं ते चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी, आणि वेस्ट इंडिजचा कप्तान फ्रँक वॉरेल यानंही. कॉन्ट्रॅक्टर सहा दिवस बेशुद्ध होता. वाचला, पुढे फर्स्ट क्लास क्रिकेटही खेळला. टेस्ट मात्र पुन्हा नाही. कप्तानपद एकवीस वर्षांच्या पतौडीकडे गेलं. असो.

यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. मेंदूच्या ऑपरेशनसाठी आपले बरेच पेशंट तिकडेच धाडले जातात, आणि तो शहाणासुरता बोलण्याचा काळ नेमका "बघू सकाळी" म्हणण्यात जातो. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, एक बाहुली मोठी दिसणं... यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नसते.

कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात पुढे वेल्लोरला धातूची पट्टी बसवली. ती काढली २०२२ साली, मुंबईत. तेव्हा तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता.