कल्हई उडालेलं पातेलं
ढाणकीसारख्या गावांत कल्हईवाल्याची हाक का थांबली, याचं उत्तर स्टीलच्या भांड्यांत आहे. त्याच भांड्यांनी तान्ह्या मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजारही मागे हटवला, असं माझं मत आहे. तापल्या पितळेवर नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवलेला कथलाचा थर दिसायला शोभेचा. खरं काम दुधाला तांब्यापासून लांब ठेवण्याचं. थर उडाला की दूध तांबं ओढून घेई. शरीरातलं तांबं बाहेर पडतं ते मुख्यतः पित्तनलिकांवाटे, आणि तान्ह्या बाळाची ती वाट अजून कच्चीच. साचलेलं तांबं पेशी मारतं, मग यकृतात वण धरतात. १९८३ मध्ये पुण्यातले डॉक्टर भावे, पंडित आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी टॅनर यांनी वरच्या दुधाच्या पितळी भांड्याकडे बोट दाखवलं.

पण त्याच पातेल्यातलं दूध पिऊन बाकीची पोरं ठणठणीत राहिली, मग दोष रक्तातलाच का नाही? असेलही, थोडाफार. मात्र ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये १९०० ते १९७४ दरम्यान १३८ बाळं अशाच आजाराने दगावली. तिथेही दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांतलंच. भांडी बदलली तसा आजार ओसरला, तिथेही आणि आपल्याकडेही. माणसांचं रक्त तेवढ्या वर्षांत बदललेलं नव्हतं.