मागच्या काचेचा वायपर : शिवाजी पार्कच्या कडेने एक छोटा इतिहास

१/ शिवाजी पार्कच्या कट्ट्याला लागून मोटारींची रांग उभी असते. त्या रांगेत एखादी हॅचबॅक अशी दिसते की तिच्या मागच्या काचेवर वायपर नाही. तो मोडलेला नसतो, मालकाने मुद्दाम काढून टाकलेला असतो आणि त्याच्या जागी काळे रबरी बूच बसवलेले असते. गाडी ‘स्वच्छ’ दिसावी, एवढाच हेतू. या लहानशा हौसेमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. 🧵

२/ आरंभ मोटारीपासून नव्हे, ट्रामपासून होतो. १९०२-०३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या होत्या. बर्फ आणि पाऊस यांनी काच माखली की ट्रामचालकाला ती उघडून, गारठा सोसत पुढचे पाहावे लागे. अँडरसनबाईंनी त्यावर तोड काढली : आतून हाताने फिरवायचा दांडा, बाहेर काचेवर रबराची पट्टी, आणि पट्टी काचेला चिकटून राहावी म्हणून एक वजन. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळाले.

३/ या पेटंटमधील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. हे साधन गरज नसताना सहज काढून ठेवता येईल, म्हणजे चांगल्या हवेत वाहनाच्या नेहमीच्या रूपाला उणेपणा येणार नाही, असे त्यात नमूद केलेले होते. थोडक्यात, वायपर डोळ्यांना खुपतो ही तक्रार वायपरइतकीच जुनी आहे.

४/ अँडरसनबाईंना या शोधातून धनलाभ झाला नाही. मोटारींचा प्रसार होऊन वायपर सर्वत्र बसू लागेपर्यंत पेटंटची मुदत संपली होती. पुढे हाताच्या दांड्याची जागा इंजिनच्या शोषणशक्तीवर चालणाऱ्या वायपरने घेतली. त्याची खोड अशी की चढणीवर इंजिनाला जोर द्यावा, तो वायपर मंदावे. विजेवर चालणारा वायपर जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२६ मध्ये बाजारात आणला.

५/ त्याच सुमारास दादर-माहीमच्या किनाऱ्याचे रूप पालटत होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाटीच्या शहराला उत्तरेकडे मोकळी जागा देणाऱ्या दादर-माटुंग्याच्या योजना त्यातून आकाराला आल्या. महापालिकेने १९२५ मध्ये माहीम पार्क हे मैदान लोकांना खुले केले. १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले.

६/ मैदानाभोवती १९३० आणि १९४० च्या दशकांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील कित्येक आर्ट डेको शैलीच्या आहेत. गोलाकार कोपरे, आडव्या धावत्या रेषा, जहाजाच्या खिडकीसारखी गवाक्षे, जिन्याला उजेड देणारी उंच काच. वेगवान आगगाड्या, आगबोटी आणि मोटारी यांच्या नितळ आकाराचा त्या काळाच्या कल्पनेवर जो पगडा होता, तो सिमेंट काँक्रीटमध्ये उतरला. जुन्या इमारतींवरची कोरीव वेलबुट्टी येथे गळून पडली.

७/ पण एक गोष्ट गळली नाही : छज्जा. युरोप-अमेरिकेतील नितळ भिंतींचे अनुकरण करतानाही मुंबईच्या वास्तुरचनाकारांनी खिडकीवरचा छज्जा कायम ठेवला. उलट तोच लांबवून इमारतीभोवती आडव्या पट्टीसारखा फिरवला. त्यामुळे पावसाची झड अडली, ऊन अडले आणि इमारतीला धावती रेषाही लाभली. या शहरात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ‘स्वच्छ रेषा’ येथे पावसाशी तडजोड करूनच टिकते.

८/ मोटारीच्या मागच्या काचेला मात्र दीर्घकाळ वायपरची गरजच भासली नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, डिकी असलेली सेदान होती. अशा गाडीत टपावरून येणारी हवा तिरप्या काचेला धरून खाली डिकीवर उतरते आणि वेगात पाण्याचे थेंब वाहून नेते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने मागच्या वायपरविना किती पावसाळे काढले! शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली.

९/ अडचण सुरू होते ती डिकी कापली गेल्यावर. स्टेशन वॅगन किंवा हॅचबॅक यांची पाठ उभी असते. टपाच्या टोकाशी हवा गाडीला सोडून देते आणि मागे कमी दाबाची पोकळी तयार होते. त्या पोकळीत हवा भोवऱ्यासारखी फिरते. चाकांनी उडवलेले पाणी, चिखल आणि धूळ ती वर ओढते आणि थेट काचेवर आणून टाकते. म्हणजे हॅचबॅकची मागची काच केवळ वरच्या पावसाने मळत नाही. रस्त्यावरचा चिखल गाडी स्वतःच अंगावर ओढून घेते.

१०/ यावरचा एक जुना उपाय म्हणजे टपाच्या मागच्या टोकाला बसवलेली, हवा काचेकडे वळवणारी पट्टी. अमेरिकी स्टेशन वॅगनवर ती दिसत असे. स्वीडनच्या व्होल्वोने १४५ या वॅगनला १९६९ मध्ये मागचा वायपर आणि पाण्याचा फवारा दिला. पुढे हॅचबॅक युरोपात घरोघरी पोहोचली आणि मागचा वायपरही तिच्याबरोबर सर्वत्र गेला.

११/ भारतात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि बिनडिकीची मोटार मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. १९९८ च्या अखेरीस पुण्याच्या टाटांची इंडिका आली. २००६ च्या अर्थसंकल्पाने तर लांबीलाच किंमत आणली. चार मीटरहून आखूड आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. गाडीची पाठ आखूड आणि उभी ठेवणे आता कराच्या हिशेबानेही फायद्याचे ठरले. रस्त्यावर अशा गाड्या वाढल्या, आणि लवकर मळणाऱ्या काचाही.

१२/ तरीही भारतीय बाजारात मागचा वायपर गरजेची वस्तू मानला गेला नाही. तो मिरवण्याची वस्तू ठरला. स्वस्त आवृत्तीत तो नसे, वरच्या आवृत्तीत असे. मागे वायपर असणे म्हणजे ‘टॉप मॉडेल’ घेतल्याची खूण. हौसेने वायपर काढणारा मालक बहुधा तीच वस्तू काढतो जिच्यासाठी त्याने अधिक पैसे मोजलेले असतात. प्रतिष्ठेची खूण एका पिढीत अडगळ कशी होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१३/ काढून टाकण्याच्या या सौंदर्यदृष्टीची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील हौशी तरुण मोटारींची बोधचिन्हे, क्रोमच्या पट्ट्या, एवढेच काय दरवाजांच्या मुठीही काढून भोके बुजवत. १९५१ च्या मर्क्युरी मोटारीवर बॅरिस बंधूंनी केलेले ‘हिरोहाता मर्क’ हे काम या पंथाचा आदर्श मानले जाते. जर्मनीतील हौशी मंडळींनी तर अशा कामासाठी इंग्रजी ‘क्लीन’वरून आपल्या भाषेत क्रियापदच घडवले. पुण्याजवळच्या चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोसारख्या गाड्यांबरोबर ही आवड महाराष्ट्रातही रुजली.

१४/ काम वरवर सोपे असते. टोपणाखालचा नट सोडवला की वायपरचा दांडा हाती येतो. पण मोटर दारातच राहिली तर तिचा आस फिरतच राहतो. काही गाड्यांत पुढचे वायपर चालू असताना रिव्हर्स गिअर टाकला की मागची मोटर आपोआप सुरू होते. मोटर काढली तर तारा आणि पाण्याची नळी नीट बंद करावी लागते. आणि बूच जरा सैल बसले, तर पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत झिरपते. समुद्रालगतच्या खाऱ्या हवेत त्या पाण्याचा गंज व्हायला वेळ लागत नाही.

१५/ शिवाजी पार्कला आणखी एक स्थानिक कारण जोडलेले आहे : लाल माती. सुमारे २८ एकरांच्या या मैदानातून कोरड्या दिवसांत उडणारी धूळ हा गेल्या काही वर्षांत रहिवाशांच्या तक्रारीचा विषय आहे. पाणी शिंपडणे, गवत लावणे असे उपाय महापालिकेने केले. कट्ट्यालगत उभ्या मोटारीवर ही धूळ बसते. अशा कोरड्या काचेवर वायपर फिरवला तर मातीचे कण रबराखाली घासले जाऊन काचेवर अर्धवर्तुळाकार ओरखडे उठतात. उन्हाळ्यात वायपर नको वाटण्यामागे एवढे तथ्य आहे.

१६/ पावसाळ्यात मात्र प्रश्न रूपाचा राहत नाही. मागची काच मळली की आतला आरसा निरुपयोगी होतो. गाडी मागे घेताना फाटकातून धावत आलेले मूल, छत्री सावरत चाललेले आजोबा किंवा दिवा न लावलेली सायकल चालकाला दिसायला हवी, ती त्याच काचेतून. बाजूच्या आरशांत ठीक पाठीमागची जागा येत नाही. शाळा सुटण्याची वेळ आणि मुसळधार सर एकत्र आली की या काचेचे मोल कळते.

१७/ कायद्याने या काचेचा विचार केलेला आहे, पण निराळ्या अंगाने. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळ्या फिल्म लावण्यास मनाई केली. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. काच पारदर्शक असावी असा दंडक आहे. ती भर पावसात पुसली जाईल याची तरतूद बरीचशी मालकाच्या ऐपतीवर आणि समजुतीवर राहिली.

१८/ जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहनांतील फेरफारांविषयीही निकाल दिला. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाहीत, असा त्याचा आशय. हा निकाल वायपरसंबंधी नव्हता. पण ‘गाडी माझी, मी वाटेल ते करीन’ या समजुतीला मर्यादा आहेत, हे त्यामुळे पुन्हा एकदा स्पष्ट झाले.

१९/ ही हौस फक्त मालकांची नाही, कंपन्यांनाही तिने भुरळ घातली. ह्युंदाईने आयोनिक ५ ही विजेवरची मोटार २०२१ मध्ये मागच्या वायपरविना आणली. टपावरच्या स्पॉयलरमधून वाहणारी हवा काच साफ ठेवील, असा हिशेब होता. पाऊस आणि बर्फ यांच्या प्रदेशांतील ग्राहकांनी कुरकुर केली. २०२४ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत वायपर परत आला. दुसऱ्या टोकाला पोलस्टार ४ : तिने मागची काचच काढून टाकली आणि तिचे काम कॅमेऱ्यावर सोपवले.

२०/ मधला मार्ग महाराष्ट्रातच दिसतो. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या २०२३ च्या नव्या रूपात मागचा वायपर टपाच्या स्पॉयलरखाली दडवला गेला. थांबलेला असताना तो सहसा नजरेस पडत नाही, पाऊस आला की खाली उतरतो. नव्वद वर्षांपूर्वी आर्ट डेकोच्या रचनाकारांनी छज्ज्याचे जे केले, त्याचीच ही आठवण. गरजेची वस्तू टाकून दिली नाही, तिला रेषेत सामावून घेतले.

२१/ नक्षी आणि अवजार यांतला फरक येथे लक्षात येतो. कंपनीचे नाव, क्रोमची पट्टी, आवृत्तीची अक्षरे काढली तर गाडीचे काम अडत नाही. वायपर काढला तर आठ महिने काही अडत नाही आणि चार महिने अडते. वर्षाच्या कोरड्या भागात निर्णय घेणाऱ्याला ओला भाग सहज विसरता येतो.

२२/ म्हणून अखेर अँडरसनबाईंच्या त्या जुन्या तपशिलाकडेच यावे लागते. कोरड्या हवेत काढा, गरज पडताच लावा, ही सोय त्यांनी १९०३ मध्येच सुचवली होती. मुंबईत मे महिन्यात छत्र्या दुरुस्तीला जातात, गच्च्यांवर डांबर पडते, खिडक्यांना प्लॅस्टिक बांधले जाते. दांडा जपून ठेवलेला असेल आणि मोटर जागेवर असेल, तर तोही त्याच दिवसांत परत बसवता येतो. काम एका नटाचे आहे. मृग लागण्यापूर्वी उरकले म्हणजे झाले.