थंडीत लॅपटॉप सांभाळा : गारठ्यापेक्षा दवाचा धोका जास्त

करडी (ता. मोहाडी) : डिसेंबर-जानेवारीत आपल्या भागात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जातो. कॉलेजचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, सेवा केंद्राचं काम, सगळं आता लॅपटॉपवर चालतं. त्यामुळे हिवाळ्यात त्याची थोडी काळजी घ्यायलाच हवी.

नुकसान कशानं होतं?

अनेक कंपन्या लॅपटॉप १० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगतात. म्हणजे आपल्याकडच्या नुसत्या गारठ्यानं तो सहसा बिघडत नाही. खरा धोका ओलाव्याचा. थंड पाण्याच्या लोट्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच इथे होतं. पहाटे मोटारसायकलवर गारठलेला लॅपटॉप गर्दीच्या उबदार खोलीत आणला की हवेतली वाफ त्याच्यावर आणि आतही जमते. तशात बटण दाबलं तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं.

काय करावं?

- नेताना लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि जाड बॅगेत ठेवा. धुकं असेल तर बॅगेवर प्लास्टिक टाका.
- पोहोचल्यावर अर्धा-एक तास बॅगेतच राहू द्या, मग सुरू करा.
- टिनाच्या छताखाली उघडा ठेवू नका. पहाटे टिनाला आतून पाणी सुटतं अन् थेंब खाली पडतात.
- मातीची भिंत आणि जमीन ओल धरते. लॅपटॉप टेबलावर किंवा कपाटात ठेवा.
- धानाची मळणी सुरू असेल तिथे उघडू नका. बारीक धूळ पंख्यात अडकते.

काय करू नये?

शेकोटी, चूल किंवा हीटरजवळ लॅपटॉप शेकू नका. उष्णतेनं बॅटरी फुगू शकते. गोधडीवर ठेवून काम करू नका, हवेची जाळी बंद होऊन तो तापतो.

बॅटरी लवकर उतरते?

थंडीत असं होतं, ऊब आली की बॅटरी पूर्ववत चालते. शून्य अंशाखाली मात्र चार्जिंग करू नये, बॅटरी कायमची खराब होते. आपल्याकडे एवढी थंडी पडत नाही, पण लडाख-काश्मीरकडे नोकरीवर असलेल्या आपल्या पोरांना हे नक्की सांगा.

पाणी गेलंच तर?

लगेच बंद करा, चार्जर काढा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. आतलं पाणी तसंच राहतं, वरून कोंडा शिरतो. ड्रायरची गरम हवाही मारू नका. सुरू करून न पाहता थेट मेकॅनिककडे न्या.

आणि महत्त्वाची कागदपत्रं आजच पेनड्राइव्हमध्ये घेऊन ठेवा. ऐन फॉर्मच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉप बंद पडला, तरी काम अडणार नाही.